फँटसी फुटबॉल: साध्या लीगची कीपर लीग करायचीये, नियम कसे ठेवावेत?

चौथा_डाउन

मंडळी, आधीच सांगून टाकतो, हे अमेरिकन फुटबॉलचं आहे, एनएफएलवालं, म्हणजे खऱ्या प्लेअरांची आपली कागदी टीम करायची आणि खऱ्या मॅचमधल्या त्यांच्या खेळावर आपल्याला गुण. मेस्सी-रोनाल्डोवाल्यांनी आत येऊन मग चिडू नये.

तर आमची १० जणांची लीग आहे न्यू जर्सीत, निम्मे मंडळातले, निम्मे ऑफिसातले, २०१९ पासून खेळतोय. माणशी ५० डॉलर, दरवर्षी लेबर डेच्या आसपास कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये बसून १५ राउंडचा स्नेक ड्राफ्ट (आळीपाळीने प्लेअर निवडायचे, दर राउंडला क्रम उलटा), आणि सीझन संपला की पाटी कोरी, पुढच्या वर्षी सगळे प्लेअर परत पूलमध्ये. मजा येते पण प्रॉब्लेम असा की नोव्हेंबर उजाडला की २-७ वाले (दोन जिंकलेले, सात हरलेले) जे दोन-तीन जण असतात ते अ‍ॅपच उघडत नाहीत. गेल्या वर्षी एकाने दुखापत झालेला टाइट एंड तीन आठवडे लायनअपमध्ये तसाच ठेवला होता, आणि ज्याची ज्याची त्याच्याशी मॅच पडली त्याला फुकट विजय. दोन जणांचं प्लेऑफ त्यावरून हुकलं आणि त्यानंतर मंडळात पण तोच विषय.

म्हणून म्हटलं कीपर करूया, म्हणजे प्रत्येकाने आपले एक-दोन प्लेअर पुढच्या सीझनला ठेवायचे, तळातल्या माणसाला पण काहीतरी करायला राहील. सगळे हो म्हणाले. आणि मग नियमांवर आलो तेव्हा ग्रुपवर जे सुरू झालं ते अजून चालू आहे. एकाने २०२४ ला बकी अर्व्हिंगला १३व्या राउंडला उचलला होता, टँपाचा रुकी (पहिल्याच वर्षाचा प्लेअर), तेव्हा कोणी नाव पण ऐकलं नव्हतं, आणि त्याने ११२२ यार्ड धावून काढले. आता तो म्हणतो मी १३व्यातच ठेवणार, म्हणजे बदल्यात फक्त १३व्या राउंडची निवड सोडणार, आणि जोपर्यंत मला हवंय तोपर्यंत ठेवणार. दुसऱ्याकडे ब्रायन थॉमस ९व्या राउंडचा आहे, तो पण साहजिकच त्याच्याच बाजूने. बाकीचे म्हणतात हे काय, आम्हाला माहीत असतं पुढच्या वर्षी ठेवता येणारे तर आम्ही पण रुकी घेतले नसते का.

मी कमिश (लीग चालवणारा) आहे म्हणून सगळे माझ्यावर. किती कीपर ठेवू द्यावेत, कोणत्या राउंडच्या बदल्यात, किती वर्षं, आणि वेव्हरवरून (म्हणजे कोणाच्याच टीममध्ये नसलेल्यांतून) सीझनमध्ये उचललेल्याचं काय करायचं? ज्यांनी प्रत्यक्ष चालवलीये त्यांनीच सांगा, गूगल मी पण करू शकतो.

ट्रेंटन_ते_ठाणे

भावा पहिला नियम लिहून घे, ज्याची किंमत दरवर्षी चढत नाही तो कीपर नाही, ती वतनदारी आहे.

आमच्या लीगची गोष्ट सांगतो. २०२३ चा पहिला आठवडा, रॅम्सचा पुका नाकुआ, एनएफएलच्या खऱ्या ड्राफ्टमध्ये पाचव्या राउंडचा रुकी, १७७वा पिक (निवड), आमच्या ड्राफ्टला कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. सिअ‍ॅटलविरुद्ध १० कॅच ११९ यार्ड. मंगळवारी रात्री आमच्यातल्या एकाने त्याला वेव्हरवरून उचलला, बरोबर आहे, हक्काचा त्याचा. पुकाने पुढे १०५ कॅच आणि १४८६ यार्ड केले, रुकीचा रेकॉर्ड. आता आमच्या नियमात काय लिहिलं होतं? ‘वेव्हरचा प्लेअर शेवटच्या राउंडच्या बदल्यात ठेवता येईल.’ बस, एवढंच. दुसऱ्या वर्षी काय, तिसऱ्या वर्षी काय, काही नाही. ज्याने लिहिलं तो म्हणाला मी किकर-बिकर डोळ्यासमोर ठेवून लिहिलं होतं. २०२४ ला पुकावाल्याने त्याला १५व्यात ठेवला. पहिल्याच मॅचला पुकाचा गुडघा गेला आणि तो काही आठवडे बाहेर होता, तेव्हा आम्ही (कबूल करतो) मनातून थोडे खूश झालो, पण तो परत आला आणि परत तेच. आता २०२५ आलंय आणि तो परत १५व्यात. म्हणजे बाकीचे सगळे पहिल्या राउंडला जो माल घेतात तो ह्याच्याकडे शेवटच्या राउंडला आहे, आम्ही जिथे राखीव डिफेन्स घेतो तिथे. दोन जणांनी लीग सोडली आणि तो स्वतः म्हणतो नियमात आहे ना मग. आहे. नियमातच आहे.

म्हणून, गेल्या वर्षीच्या राउंडमधून २ वजा. १३ चा ११ला, पुढच्या वर्षी ९ला, आणि २ सीझन झाले की सोडायचा. पहिल्या दोन राउंडवाले ठेवताच येत नाहीत कारण २ मधून २ गेले की शून्यावा राउंड होतो, आपोआप सुटतो प्रश्न. वेव्हरचा असेल तर १०वा राउंड धरा, म्हणजे तो ठेवताना ८वा जाईल. ह्याने १३वाल्याला पण फायदा मिळतोच, आयुष्यभराचा नाही एवढंच.

बेंचवरची_बाई

अहो कमिश, मी डॅलसहून, आमची लीग ऑक्शनवाली (बोली लावून प्लेअर घ्यायचे) आहे, ८ वर्षं झाली, १२ टीम, त्यातल्या तीन बायका आणि गेल्या चारपैकी दोन टायटल आमच्याकडे आहेत हे जाता जाता.

राउंडच्या भानगडीत पडू नका असं माझं मत. ऑक्शनमध्ये प्रत्येकाला २०० डॉलर (खोटे हो, खरे नाही) आणि कीपरची किंमत म्हणजे गेल्या वर्षी जेवढ्याला घेतला अधिक १०. वेव्हरवाल्याची किंमत म्हणजे तुम्ही वेव्हरच्या १०० डॉलरमधून जेवढी बोली लावली ती अधिक १०. मी २०२४ ला सेक्वॉन बार्कलीला ४४ला घेतला होता. लोक हसले होते, जायंट्सनी सोडलेला माणूस म्हणून. ईगल्सकडे जाऊन त्याने २००५ यार्ड काढले. आता मला तो ५४ला ठेवता येईल आणि मी तीन आठवडे झाले विचारच करतेय. एवढे बॉल एका सीझनमध्ये उचलल्यावर पुढच्या वर्षी पाय चालतील का, २००च्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त एकावर घालायचे का, सोडला तर परत बोलीत तो ६०ला जाईल की ५०ला मिळेल. नवरा म्हणतो लग्नाच्या वेळी पण एवढा विचार केला नव्हतास.

पण हाच तर मुद्दा आहे. ठेवू का नको असा घोळ होतोय म्हणजे किंमत बरोबर लागलीये. तुमच्या त्या अर्व्हिंगवाल्याला एक सेकंद तरी विचार करावा लागतोय का? नाही ना. मग १३वा राउंड ही किंमतच नाहीये. आणि खरं सांगू का, ११वा पण नाहीये, ट्रेंटनदादा तुमचे २ राउंड फार कमी पडतात हो.

ट्रेंटन_ते_ठाणे

@बेंचवरची_बाई मान्य, पण मग १३व्या राउंडला हिरा शोधणाऱ्याला काय मिळालं? थोडा तरी माज करू द्या ना त्याला.

पुणेरी_पंट

आयपीएलकडे बघा की, सगळं तिथे आहे. २०२५ च्या मोठ्या लिलावाआधी प्रत्येक टीमला १२० कोटी आणि ठेवायचा दर ठरलेला, पहिला १८, दुसरा १४, तिसरा ११, आणि चौथ्याला परत १८, पाचव्याला १४. म्हणजे जास्त ठेवाल तर जास्त मोजा. मुंबईने पाच ठेवले, बुमराला १८, सूर्या आणि हार्दिकला १६.३५, रोहितला १६.३०, तिलकला ८, झाले बरोबर ७५ कोटी, लिलावाला उरले ४५. ठेवा ना किती ठेवायचे ते, खिसा तुमचाच रिकामा होतोय.

तुमच्याकडे पण तसंच करा, एक कीपर असेल तर २ राउंड वजा, दुसरा ठेवायचा असेल तर दोघांनाही ४-४ वजा. बघा कसे शहाणे होतात.

आणि आयपीएलमधून एक गोष्ट मात्र घेऊ नका. पाच वर्षं देशाकडून खेळला नाही तर तो ‘अनकॅप्ड’ धरायचा, हा नियम परत आणला आणि चेन्नईने धोनीला ४ कोटीत ठेवला. वर्ल्डकप उचललेला माणूस अनकॅप्ड. नियम एकाच माणसाकडे बघून केला की असा दिसतो. आता तुमच्या ग्रुपवर जे चाललंय ते वेगळं आहे का? १३वाला १३वाल्यासाठी नियम मागतोय. आणि कमिशसाहेब, तुम्ही तुमचा प्लेअर कोणता ते लिहायचं शिताफीने टाळलंत.

चौथा_डाउन

😀 पकडलंत. माझा पहिला पिक होता २०२४ ला. मॅकॅफ्री घेतला. ४ मॅच खेळला बिचारा. आणि बाकीची टीम पण अशीच, ठेवण्यासारखं माझ्याकडे काही नाही हे खरंय. म्हणून ग्रुपवर मी काही बोललो की लगेच ‘तुझ्याकडे काही नाही म्हणून’ असं येतं. अन्याय आहे पण चूक पण नाहीये त्यांची.

बे_एरिया_बंडू

मी २००४ पासून खेळतोय, कागदावर स्टिकर लावून ड्राफ्ट करायचो तेव्हापासून, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

आधी इकडची एक गंमत. हा सगळा खेळ आमच्या ओकलंडचा. १९६२ ला रेडर्सचा एक भागीदार, विंकेनबाख, टीमबरोबर न्यूयॉर्कला गेलेला असताना हॉटेलात बसून ह्याने आणि दोघा-तिघांनी नियम लिहिले, आणि पहिला ड्राफ्ट १९६३ ला ओकलंडला झाला. पहिला पिक कोण गेला माहितीये? जॉर्ज ब्लँडा. जिम ब्राउन समोर पडलेला असताना! त्या वर्षी ब्राउनने १८६३ यार्ड काढले. पण ब्लँडा पुढे ४८ वर्षांचा होईपर्यंत खेळला, २६ सीझन, १९७५ पर्यंत. म्हणजे तुमच्या त्या ‘हवंय तोपर्यंत ठेवणार’वाल्याच्या हाती ब्लँडा लागला असता तर बारा-तेरा वर्षं हलला नसता. वर्षांची मर्यादा घाला, दोन किंवा तीन, ह्यावर चर्चाच नको.

आता कोणी न विचारलेलं पण सगळ्यात जास्त भांडणं लावणारं. कीपर कधी सांगायचा आणि सांगितल्यावर काही झालं तर काय?

२०१९. आमचा कीपर लॉक (कोणाला ठेवणार ते सांगायची मुदत) गुरुवारी, ड्राफ्ट रविवारी दुपारी. मी कोल्ट्सचा क्वार्टरबॅक अँड्र्यू लकला ८व्या राउंडच्या बदल्यात ठेवला, खुशीत होतो. शनिवारी २४ ऑगस्टला संध्याकाळी मी कॉस्टकोच्या लाइनमध्ये ड्राफ्टसाठीच्याच चिप्स आणि बिअर घेऊन उभा, आणि फोनवर बातमी, लक रिटायर. २९ वर्षांचा माणूस. मला वाटलं कोणीतरी फेक अकाउंट आहे. तिकडे कोल्ट्सची प्रीसीझन मॅच चालू होती, स्टेडियममध्ये लोकांनी हुर्यो केली त्याची. मी कमिशला फोन लावला, तो म्हणाला लॉक म्हणजे लॉक, नियमात रिटायरमेंट नाही. ८वा राउंड गेला माझा, एका घरी बसलेल्या माणसासाठी. चिप्स मीच आणल्या होत्या तरी पण.

तेव्हापासून आमच्याकडे लिहिलेलं आहे की ड्राफ्टच्या आधी प्लेअर रिटायर झाला, पूर्ण सीझनसाठी सस्पेंड झाला किंवा पूर्ण सीझन बाहेर असल्याचं टीमने जाहीर केलं तर कीपर रद्द, पिक परत. ड्राफ्ट सुरू झाल्यानंतर काही झालं तर तुमचं नशीब. २०१८ ला एकाने लेव्हिऑन बेलला ठेवला होता, आमच्याकडे तेव्हा पहिल्या राउंडवाले पण चालायचे, काँट्रॅक्टवरून रुसलाय पण पहिल्या मॅचपर्यंत येईलच असं सगळे धरून चालले होते, तो आख्खा सीझन आलाच नाही. त्याला काही परत मिळालं नाही आणि मिळायला पण नको, कारण ड्राफ्टच्या दिवशी ती जोखीम सगळ्यांना दिसत होती. शिवाय त्याच्या जागी खेळणारा जेम्स कॉनर त्याने घेतला नव्हता हा त्याचा गाढवपणा.

अजून एक पळवाट बुजवा. ड्राफ्टमध्ये गेलेला प्लेअर कोणी सोडला आणि दुसऱ्याने वेव्हरवर उचलला तर त्याचा राउंड मूळचाच राहतो, वेव्हरचा १०वा नाही. नाहीतर तुमचा तो मॅकॅफ्रीच घ्या, डिसेंबरमध्ये सीझन संपला म्हणून वैतागून सोडला असता तर कोणीतरी शून्य डॉलरला उचलून पुढच्या वर्षी ८व्यात ठेवला असता. आणि प्लेऑफ सुरू झाल्यावर उचललेला कोणीच कीपर नाही, कारण बाहेर पडलेले लोक तेव्हा नुसता साठा करत बसतात.

पुणेरी_पंट

कॉस्टकोच्या लाइनमध्ये लक रिटायर. बंडूकाका काय दिवस काढलेत.

बेंचवरची_बाई

बंडूकाका लॉकच चुकीच्या दिवशी ठेवला होता तुमच्या लीगने. कीपर ड्राफ्टच्या आदल्या रात्री जाहीर करायचे, तीन दिवस आधी कशाला? लोकांना अभ्यासाला वेळ हवा म्हणतात, कसला अभ्यास, सगळे ड्राफ्टच्या दिवशीच कुणाची तरी यादी प्रिंट करून आणतात.

ट्रेंटन_ते_ठाणे

ट्रेडचं कोणी बोललंच नाही. कीपर लीगमध्ये खरी घाण तिथे होते. २-७ वाला नोव्हेंबरमध्ये आपला स्टार पहिल्या नंबरवाल्याला देतो आणि बदल्यात पुढच्या वर्षीचा कीपर घेतो. त्याच्या दृष्टीने शहाणपणाच आहे, पण तिसऱ्या-चौथ्या नंबरवाले बोंबलतात. थोडं चालू द्यावं लागतं, त्यासाठीच तर कीपर आणलेत ना, फक्त ट्रेडची शेवटची तारीख १०व्या-११व्या आठवड्याला ठेवा. आणि जो पुढच्या वर्षीचे पिक विकेल त्याने पुढच्या वर्षीचे ५० डॉलर आत्ताच भरायचे, नाहीतर सगळं विकून टाकतो, ‘मला यंदा कामाचं जरा आहे’ म्हणून लीग सोडतो, आणि नवीन आलेल्याच्या गळ्यात ते भुताचं घर. पिक विकलेला असेल तर त्या राउंडचा कीपर ठेवता येणार नाही हे पण लिहा. उघड वाटतं पण लिहा.

आणि शेवटच्याला पहिला पिक देऊ नका, मुद्दाम हरतात. खालच्या चौघांची आपापसात प्लेऑफ लावा, त्यात जो जिंकेल त्याला पहिला पिक. तुमचा तो टाइट एंडवाला डिसेंबरपर्यंत लायनअप लावेल की नाही बघा.

चौथा_डाउन

हे शेवटचं भारी आहे. कीपर न करता नुसतं एवढंच केलं असतं तरी निम्मा प्रश्न सुटला असता बहुतेक.

पण मूळ भांडण अजून तिथेच आहे ना, यंदाच्या वर्षी अर्व्हिंग आणि थॉमसचं काय? एक जण म्हणतोय मधला मार्ग काढा, गेल्या वर्षीचा राउंड आणि यंदा तो साधारण ज्या राउंडला जातोय तो, दोन्हीची सरासरी. अर्व्हिंग १३ आणि यंदा दुसऱ्यात जातोय, म्हणजे साडेसात, तर ७वा. थॉमस ९ आणि २, साडेपाच, ५वा. आकडे ऐकायला बरे वाटतात.

बे_एरिया_बंडू

सरासरी चांगली आहे, पुढे कधीतरी वापरा. पण यंदा नको. कारण २०२४ ला ड्राफ्ट करताना दहाही जणांच्या डोक्यात एकच सीझन होता. तेव्हा रुकी न घेणारा मूर्ख नव्हता, तो त्या वेळच्या नियमाने बरोबर खेळला. आता मागे जाऊन त्याला शिक्षा कशी देणार? परीक्षा झाल्यावर सिलॅबस बदलल्यासारखं आहे हे. यंदा पाटी पुसा, पूर्ण ड्राफ्ट, नियम ड्राफ्टच्या आधी लिहून दहा जणांच्या सह्या, आणि पहिले कीपर २०२६ ला. कोणाच्या हाती काय लागणारे हे कोणालाच माहीत नसताना मत घ्या, बघा कसे सगळे एकदम न्यायाधीश होतात. आणि पुढे पण तेच, कुठलाही बदल मंजूर झाला की तो पुढच्या ड्राफ्टपासून लागू, चालू सीझनला कधीच नाही.

पुणेरी_पंट

+१. आणि अर्व्हिंगवाला रुसेल. त्याला ड्राफ्टला पहिला वडापाव द्या.

चौथा_डाउन

अपडेट. काल रात्री झूमवर बसलो, दोन तास. बंडूकाकांचं जसंच्या तसं वाचून दाखवलं, लकच्या गोष्टीवर सगळे हसले आणि त्यानंतर वातावरण जरा निवळलं. ८ विरुद्ध २ ने ठरलं, यंदा सगळे पूलमध्ये, कीपर २०२६ पासून, जास्तीत जास्त २, एक ठेवला तर २ राउंड वजा आणि दोन ठेवले तर दोघांना ३-३ (४ म्हटल्यावर फार आरडाओरडा झाला), दोन सीझनच्या वर नाही, वेव्हरचा १०वा, सोडलेल्याचा मूळ राउंड, ट्रेड ११व्या आठवड्यापर्यंत, आणि कीपर ड्राफ्टच्या आदल्या रात्री १० वाजेपर्यंत ग्रुपवर टाकायचा, १० वाजून १ मिनिटाला आला तर नाही. खालच्या चौघांची प्लेऑफ यंदापासूनच, त्यावर एकही विरोध नाही. ऑक्शनला तिघेच तयार झाले, ताई सॉरी.

विरोधातले दोन कोण ते सांगायला नको.

बेंचवरची_बाई

चालेल, तीन वर्षांनी ऑक्शनवरच याल. यंदाचा पहिला पिक कसा ठरवला मग?

चौथा_डाउन

चिठ्ठ्या टाकल्या, माझ्या मुलीने उचलली. अर्व्हिंगवाल्याला निघाला पहिला पिक. त्याने कॅमेरा बंद केला होता तो लगेच चालू केला. मी दहावा.

आणि ड्राफ्ट शनिवारीच आहे, रविवारी गौरी येतायत आणि बेसमेंट रिकामं करून हवंय असं वरून सांगण्यात आलंय.